शिक्षा व्हावी, ही नम्र विनंती

सरकारकडे जाणाऱ्या अर्जात राग दिसता कामा नये, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे. राग दिसला की अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. म्हणून आजवर मी असंख्य माणसांचा राग 'सविनय सादर' या दोन शब्दांखाली नीट पुरून दिला. प्रस्तुत मजकूर अर्ज नाही. यावर तिकीट लावायचे नाही, याची पोच घ्यायची नाही, आणि यात मी काही पुरणारही नाही.

उपनगरातील एका सरकारी कचेरीच्या कुंपणाला टेकून माझे टेबल आहे. वर निळी ताडपत्री, पुढ्यात दोन स्टुले, शेजारी झेरॉक्सवाला. मी नववीपर्यंत शिकलो. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले आणि गिरणीबरोबरच संपले. मला शाळा सोडून एका वकिलाच्या कचेरीत पाणी भरावे लागले, आणि पाणी भरता भरता मी त्यांची भाषा उचलली. पदवी माझ्याकडे नाही. परंतु माझ्या मसुद्याखाली डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी आणि एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनीही एक शब्द न बदलता सही केलेली आहे. ही बढाई नव्हे. मसुदा म्हणजे काय हे जाणणारा माणूस त्या दिवशी त्या टेबलापाशी बसला होता, एवढे वाचकास ठाऊक असावे म्हणून सांगतो.

लोकसभेच्या निकालाचा गुलाल रस्त्यावरून धुऊन गेला होता. दोन बायका माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एक होत्या खाडीपलीकडच्या गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सारे गाव त्यांना टीचर म्हणते. दुसरी सत्तरी ओलांडलेली विधवा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, पायांत रबरी चपला. तिला गाव माय म्हणते. गोराईच्या बाजूला, होडीने खाडी ओलांडून जावे लागणारे हे गाव. थोडी मासळी, थोडी भाजी, मधोमध चर्च. गावाचे नाव मी देणार नाही. नाव दिले की चौकशी गावाची होते, कचेरीची होत नाही.

टीचरनी पर्समधून दोन कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले. एक त्यांच्या मंडळाने सरकारला दिलेला अहवाल, दुसरी सरकारने उलट पाठवलेली नोटीस.

हे मंडळ चर्चमधल्या दहा-बारा माणसांचे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून आखून दिलेल्या रेषेबाहेर पाळीपाळीने उभे राहायचे, काय घडते ते पाहायचे आणि सरकारला कळवायचे, एवढेच त्यांचे काम. पक्ष नाही, टोपी नाही, झेंडा नाही. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे, ऐकीव लिहायचे नाही, ही त्यांची शिस्त. इथवर माझी काही हरकत नव्हती. मी अहवाल उघडला आणि पहिले कलम वाचून चष्मा काढून ठेवला.

त्यात असे लिहिले होते: 'मतदान चालू असताना मतदान केंद्राच्या खोलीत आम्ही रांगेतील सर्वांनी मोठ्याने प्रार्थना म्हटली. हे नियमास धरून नव्हते. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"टीचर," मी म्हणालो, "हे पहिलं कलम?"

"हो."

"आपला गुन्हा पहिल्या कलमात?"

"मग कितव्या कलमात लिहितात?"

"कुठल्याच नाही! तक्रार लिहिताय की कबुलीजबाब?"

"भाऊ, आमच्यात प्रार्थनेला बसलं की आधी आपलं काय चुकलं ते म्हणतात. मागणं नंतर. त्याशिवाय मागायला तोंड कसं उघडायचं?"

"ते देवाकडे. इथे आधी मागतात, आणि चुकलं ते समोरच्याचं असतं."

"मग समोरचा पण तसंच लिहीत असेल," टीचर शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्या कचेरीत कधी कुणाचं चुकत नाही."

माझ्या तोंडावर आजवर फार थोड्या माणसांनी असे उत्तर दिले आहे. मी दुसऱ्या कलमाकडे वळलो. त्यात सारे होते. परंतु दुसऱ्या कलमापर्यंत कचेरीतले कोणी पोहोचलेच नव्हते. त्यांनी पहिले कलम वाचले, हायसे वाटून घेतले आणि नोटीस काढली.

दुसऱ्या कलमात काय होते ते मायच्या तोंडूनच ऐकावे म्हणून मी तिला स्टुलावर बसवले.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. टीचरनी नियमाप्रमाणे मृत्यूचा दाखला जोडून यादीतून नाव कमी करण्याचा अर्ज दिला. कचेरीने नाव कमी केले. नवऱ्याचे नव्हे, मायचे. घर क्रमांक एक, आडनाव एक, ओळी एकाखाली एक. कोणा महाभागाने एक ओळ खाली बोट ठेवले आणि जिवंत बाई पुसली. मेलेला माणूस यादीत राहिला. हे कोणाला कळले नाही, कारण जिवंत माणूस आपण जिवंत आहोत का हे पाहायला कचेरीत जात नाही.

लोकसभेच्या मतदानाला माय जुने ओळखपत्र घेऊन गेली. पुढचे तिच्याच शब्दांत देतो.

"आत गेली तर तो पोऱ्या बोलतो, आजी, तुजा नाव नाय. बोलली, बघ नीट. बोलतो, नाय. बाकड्यावर बस, मोठा साहेब फोनवर हाय, तो बघेल. बसली. तेवढ्यात एक आला, जीन-पँट, दाढी कोरलेली. चिठ्ठी दिली. आन् पोऱ्यानं नाव वाचलं मोठ्यानं. माज्या मालकाचा नाव! पुरा नाव, बापाच्या नावासकट."

"मग तू ओरडलीस?"

"ओरडू कशाला? मेलेल्याचा नाव घेतला ना. मी क्रूस केला आन् बोलली, प्रभू, त्याला इसावा दे."

इथे वाचकास एक रीत सांगणे भाग आहे. त्या गावात मेलेल्या माणसाचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले जाते ते फक्त चर्चमध्ये, त्याच्यासाठी प्रार्थना मागताना. नाव ऐकले की ऐकणाऱ्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावून क्रूस करायचा आणि एकाने अर्धी ओळ म्हटली की बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. जन्मभराची सवय. मतदान केंद्रावर नाव मोठ्याने वाचतात ते वेगळ्या कारणासाठी: पक्षांचे प्रतिनिधी खोलीत बसलेले असतात, त्यांनी ऐकावे आणि माणूस खोटा असेल तर हरकत घ्यावी. प्रतिनिधी बसले होते. एकजण मोबाइलमध्ये डोके घालून होता, दुसऱ्याच्या हातात वडापाव होता. त्यांनी काही ऐकले नाही. रांगेने ऐकले. आणि रांगेने हरकत घेण्याऐवजी उत्तर दिले: आणि अक्षय उजेड त्याच्यावर पडो.

"सगळे?" मी विचारले.

"सगळे," टीचर म्हणाल्या. "मी पण, मत द्यायला रांगेत होते ना. तोंडातून गेल्यावर कळलं."

"आणि तो? तो दाढीवाला?"

माय हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत. "तो घाबरला. त्यानं पन हात जोडलं. शाई लावलेला बोट वर करून हात जोडलं आन् मग आत जाऊन बटन दाबलं."

मी हसलो नाही. हे असे लोक! चोर समोर उभा आहे, हातात चिठ्ठी आहे, तोंडावर खोटे नाव आहे, आणि ही भली माणसे त्या नावाच्या आत्म्याला शांती मागतात! एका माणसाने त्याचे मनगट धरले असते, एका बाईने 'हा माझा नवरा नव्हे' एवढे म्हटले असते, तर अख्खे केंद्र हादरले असते. मी हे टीचरना बोलून दाखवले. बरेच मोठ्याने बोलून दाखवले. झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवले.

"बरोबर आहे तुमचं," टीचर म्हणाल्या. "चुकलंच ते. म्हणून तर पहिल्या कलमात घातलं."

मी डोके धरले.

आता नोटिशीविषयी. ती मायच्या नावे होती. पूर्ण नाव, नवऱ्याचे नाव, पत्ता. त्यात दोन आरोप होते. एक, मतदान केंद्रात धार्मिक उच्चार करून मतदानात व्यत्यय आणला. दुसरा आरोप मी तीनदा वाचला: 'मतदार यादीत आपले नाव नसताना आपण मतदान केंद्राच्या खोलीत प्रवेश केला.' खुलासा न दिल्यास कारवाई करण्यात येईल. त्या सबंध दिवसात त्या केंद्रावर जे काही वावगे घडले म्हणून सरकारदरबारी नोंदले गेले, ते एवढेच: म्हातारी आत आली आणि प्रार्थना म्हणाली. मेलेला माणूस मत देऊन गेला, त्याबद्दल शब्द नाही.

"माय, तुला काय हवंय?" मी विचारले. अर्जदारास नक्की काय हवे हे आधी विचारावे, हा माझा दुसरा नियम.

"मना मत पायजे. माजा नाव यादीत पायजे. आन् त्याला मेलेला ऱ्हाऊ दे."

इतका स्वच्छ विनंतीचा परिच्छेद मला कोणा पदवीधराने सांगितलेला नाही.

मी सर्वांत सोपा मार्ग सुचवला: नव्या मतदाराचा अर्ज भरावा, वयाचा आणि राहण्याचा पुरावा जोडावा, नाव येईल. टीचरनी तो छापील अर्ज माझ्याकडून घेऊन वाचला आणि परत केला.

"हा नव्या मतदारासाठी आहे."

"हो. मग?"

"माय नवी नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मत देते. खाली सही करायची आहे की वरचं सगळं खरं आहे."

"अहो टीचर, ही रीत आहे! सगळे करतात!"

"खोट्या माणसानं पण सहीच केली होती ना, भाऊ, त्या दिवशी आत? आम्ही त्याची तक्रार करतो आणि स्वतः..."

माझा संयम सुटला. एका सहीने काम झाले असते. परंतु घरी जाताना माझा राग दुसरीकडे वळला, आणि तो आजतागायत तिथेच आहे. जिवंत बाईला तुम्ही पुसता, आणि ती परत येऊ म्हणाली की 'मी आजच उगवले' अशी खोटी सही मागता! चूक तुमची, आणि ती झाकायला खोटे बोलायचे तिने! दुसरा मार्ग पाहावा, म्हणजे टीचरच्या अर्जाने घोळ झाला तेव्हा नवऱ्याचे नाव कमी करण्याचा अर्ज आता घरच्याच माणसाने, मायने करावा, तर तो अर्ज त्या मतदारसंघातल्या मतदारालाच करता येतो. माय मतदार नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या घरात अर्ज करण्यास पात्र असा मतदार एकच उरला होता: मेलेला.

रात्री जेवताना घरी मी हे सांगितले. बायको मालवणची. ती म्हणाली, "आता किरिस्तावांची वकिली करतलास? तुमका काय पडलां हा त्या म्हातारेचां?"

भाताच्या ढिगाकडे पाहता पाहता मला मसुदा दिसला. मला मसुदे असेच दिसतात.

मृत व्यक्तीस नोटीस बजावता येत नाही. कचेरीने मायला नोटीस बजावली, तिच्या हातून पोच घेतली, तिला खुलाशास बोलावले. अर्थात माय जिवंत असल्याचे कचेरीने लेखी मान्य केले. ज्या कचेरीने तिला यादीत मयत ठरवले, त्याच कचेरीची ही सही, हाच शिक्का. आता हिचे नाव परत घालण्यास वेगळा पुरावा मागण्याचा अधिकार उरतो कुठे? मी ताट बाजूला सारून लिहायला बसलो. 'उपरोक्त नोटिशीन्वये अर्जदार हयात असल्याचे आपणच प्रमाणित केलेले आहे.' हे वाक्य लिहिताना मला जे वाटले ते मोठमोठ्या वकिलांना खटला जिंकल्यावर वाटत असावे.

दुसऱ्या दिवशी टीचरनी मसुदा वाचला आणि माझ्याच पेनाने त्यातले शब्द खोडायला सुरुवात केली. 'अत्यंत निर्दयपणे' गेले. 'लोकशाहीचा मुडदा पाडून' गेले.

"हे तुम्ही पाहिलंत का, भाऊ?"

"काय?"

"निर्दयपणा. कुणाच्या मनात होता तो?"

"अर्जाला वजन लागतं, टीचर!"

"वजन मायचं आहे. ती येणार आहे ना बरोबर?"

मसुद्याचे पाय कापल्यासारखे मला झाले. तरी ते मुख्य वाक्य त्यांनी ठेवले. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "थोडं आगाऊ आहे, पण खरं आहे."

खुलाशाच्या दिवशी आम्ही तिघे निवडणूक शाखेत गेलो. मी सहसा आत जात नाही. माझे काम कुंपणाबाहेर संपते. त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला होता. शाखेचे साहेब वयाने माझ्याहून बरेच लहान, टेबलावर फायलींची भिंत, भिंतीमागे चहा.

"काय हो अर्जवाले, आज आत?"

"अर्जदाराच्या सोबतीस, साहेब."

त्यांनी माझा मसुदा वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मुख्य वाक्यापाशी त्यांचे डोळे थांबले, मागे गेले, पुन्हा थांबले. मला खात्री झाली की बाण लागला.

ते हसले. "छान लिहिलंय. आजी, बसा ना, उभ्या का? अहो, एवढ्या वयाच्या बाईला कसली नोटीस? कोणी पाठवली ही? आम्ही काय राक्षस आहोत? प्रार्थना म्हटली, बरं केलं. सोडा विषय." मग कारकुनाला: "लिहा, नोटीस मागे घेण्यात येत आहे. मूळ प्रत जमा करून घ्या."

खोलीत सगळ्यांना बरे वाटले. कारकुनाला बरे वाटले, शिपायाला बरे वाटले. मला क्षणभर कळलेच नाही की माझ्या डोळ्यांदेखत काय होत आहे. नोटीस मागे घेतली म्हणजे नोटीस नाही. नोटीस नाही म्हणजे ज्या कागदावर सरकारने मायला जिवंत म्हटले तो कागद नाही. माझा सबंध युक्तिवाद त्या दयाळू माणसाने चहाच्या एका घोटाबरोबर गिळला होता. इतक्या गोडीने माणसाला पुन्हा मारलेले मी पाहिले नव्हते.

"आणि नाव, साहेब? यादीतलं नाव?"

"नव्या मतदाराचा फॉर्म भरा ना. दोन मिनिटांचं काम."

"आणि ज्याने मेलेल्याच्या नावे मत दिलं?"

"त्या वेळी कोणी हरकत घेतली होती का? प्रतिनिधी बसलेले असतात. नोंद नाही. तुमच्याच अहवालात आहे, तुम्ही प्रार्थना म्हटली." साहेबांनी हात पसरले. "प्रार्थना म्हणजे हरकत नव्हे."

कारकून मायपुढे हात करून उभा होता. "आजी, तो कागद द्या."

मायने नोटीस घडी करून चोळीत ठेवली होती. तिने चोळीवर हात ठेवला.

"नाय देनार."

"अहो, तुमच्या फायद्याचं आहे. केस संपली तुमची."

"त्यावर माजा नाव हाय."

"म्हणून तर परत घेतोय!"

"तीन वरसांत सरकारच्या कागदावर माजा नाव एकदाच आला. शिव्या द्यायला आला, पन आला. तू तो पन घेऊन जातंस." ती साहेबांकडे वळली. त्या भाषेत अहो-जाहो नाही. ती सर्वांना तूच म्हणते. "तू मना शिक्षा दे. मी बोलली प्रार्थना, मी गेली आत, सगला मान्य हाय. काय दंड, काय कोठडी, ती दे. पन नाव लिवून दे."

"आजी, काहीतरीच काय बोलता!"

"काय रे, मेलेल्याला शिक्षा देता नाय येत ना? मग जित्या लोकांच्या यादीत घाल. देता येते ना? मग दे."

मी आजवर अर्जदारांची बाजू मांडली. त्यांना वाचा दिली, असे लोक म्हणतात. माझे सबंध आयुष्य माफी, सवलत, सूट, दयेचा विचार, सहानुभूतिपूर्वक निर्णय या शब्दांत गेले. मागावे ते कमीच मागावे, आणि तेही वाकून, हे मी माणसांना शिकवत आलो. या बाईने वाकण्याचे नाकारले, आणि तेही गुन्हा कबूल करून.

टीचर म्हणाल्या, "मग माझ्यावर पण करा कारवाई, साहेब. उत्तराची ओळ मी म्हटली होती. अहवालावर सही माझी आहे." आणि माझ्याकडे पाहून: "भाऊ, लिहून द्या तसं."

मी बाहेर आलो. माझ्या टेबलापाशी बसलो आणि असा अर्ज लिहिला, जसा मी पूर्वी कधी लिहिला नव्हता. विषय: अर्जदारास शिक्षा होणेबाबत. 'अर्जदार हिने मतदान केंद्रात आपल्या मृत पतीचे नाव वाचले गेल्याचे ऐकून प्रार्थना म्हटली, हे तिला मान्य आहे. यादीत नाव नसताना ती खोलीत होती, हेही मान्य आहे. तिचे नाव यादीत का नव्हते याची नोंद घेऊन नियमानुसार होईल ती शिक्षा तिला तिच्या स्वतःच्या नावे व्हावी, ही नम्र विनंती.' एकही विशेषण नाही. टीचरनी वाचला आणि काही खोडले नाही. मायने अंगठा नाही लावला. ती सही करते, शाळेत चार इयत्ता गेली आहे. तिने सावकाश सही केली, आणि सहीखाली एक रेघ ओढली.

साहेब अर्ज घेईनात. "असला अर्ज घेता येत नाही."

"कोणत्या नियमाखाली नाकारता ते लेखी द्यावं," मी म्हणालो. "अर्जदाराच्या नावे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. अर्ज घेतला तरी तिचे नाव, नाकारला तरी तिचे नाव. आता हसू नव्हते. शिपायाने शिक्का उचलला आणि पोच दिली. 'नम्र' हा शब्द त्या अर्जात मी सवयीने घातला होता. नंतर मला त्याचा राग आला, पण अर्ज गेला होता.

रात्री बायकोला सांगितले. "म्हातारेक तुरुंगात धाडतलास? तुमचां डोक्यां ठिकाणार आसा मां?" ती म्हणाली; आणि थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, "पण बाई जबर आसा हां."

शिक्षा झाली नाही. उत्तरही आले नाही. पावसाळा सरता सरता पुरवणी यादी लागली आणि तीत मायचे नाव होते. कोणी कळवले नाही, कोणी चुकलो म्हणाले नाही. चूक पहिल्या कलमात लिहिणारी माणसे खाडीच्या त्या बाजूला राहतात. लोक मला म्हणाले, झालं ना काम, आता कशाला चिडता? मी त्यांना विचारतो: पुसलेला माणूस परत लिहायला तिला तुरुंग मागावा लागला, याला काम होणे म्हणतात काय? आणि ज्यांना इतके हट्टाने उभे राहता आले नाही, ज्यांच्या मागे टीचर नव्हत्या, ती नावे कुठल्या ओळीत पुसली गेली असतील?

नोव्हेंबरात त्यांच्या चर्चमध्ये मेलेल्यांची नावे वाचतात. मायच्या नवऱ्याचे नाव वाचले, गावाने उत्तर दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्याची निवडणूक आली. मतदान आटोपल्यावर माय होडीने खाडी ओलांडून, रिक्षा करून माझ्या टेबलापाशी आली. कचेरी बंद होती, मी जुने कागद लावत बसलो होतो. तिने बोट माझ्या नाकापुढे धरले.

"बघ."

"दिलंस?"

"पोऱ्यानं नाव वाचला मोठ्यानं. सगले गप. एका बायचा हात कपालाला गेला, टीचरनी धरला. मी बोलली, हाय गो, अजून हाय."

तिच्या नवऱ्याचे नाव त्या दिवशी कोणी उच्चारले नाही, कारण मंडळाची माणसे दिवसभर पाळीपाळीने रेषेबाहेर उभी होती. यादीत मात्र ते आहे. आता माय मतदार झाल्याने ते कमी करण्याचा अर्ज तिला करता आला, मीच लिहिला. नियमाप्रमाणे, आपले नाव का कमी करू नये अशी नोटीस तिच्या नवऱ्यासही निघाली, त्याच्याच पत्त्यावर, आणि तिनेच सही करून घेतली. सुनावणीच्या पहिल्या तारखेस तो गैरहजर राहिला. साहेबांनी त्याला आणखी एक संधी दिली आहे.